तिसऱ्या जागेवरचा माणूस

वसईच्या किल्ल्यात फोटो काढण्याच्या सात जागा मी दोन हिवाळ्यांपूर्वी इथे लिहिल्या होत्या. या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं ते लिखाण. त्यातली तिसरी जागा लोकांना विशेष आवडली. दर्या दरवाजाजवळचा पडका तट, सकाळचे साडेसात, दगडांवर आडवं ऊन, एकही माणूस नाही. लग्नाआधीचे फोटो काढायला आता तिथे थांबून नंबर लावावा लागतो, असं ऐकते.

यंदा श्रावणात त्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली. हरेश वाघे, शहापूर. ‘मॅडम, तीन नंबरच्या फोटोत माझा भाऊ होता का?’

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, ‘हो, होता.’

त्या हिवाळ्यात किल्ल्याच्या तटावर उगवलेले वड-पिंपळ तोडायला मुरबाडकडची माणसं आली होती. त्यातल्या एकाला मी तटाच्या कडेवर बसायला सांगितलं. शेजारी माणूस असला की भिंतीची उंची कळते. तो बसला. कॅमेऱ्याकडे बघू नका म्हटलं, तर त्याने बघितलं नाही. वीस-पंचवीस मिनिटं तो समुद्राकडे तोंड करून बसून होता. मग मी त्याला वडापाव दिला आणि ब्लॉगचं कार्ड दिलं. त्याचं नाव विचारलं होतं. काळूराम.

घरी येऊन फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. रिकामा तट जास्त चांगला दिसेल असं वाटलं. संगणकावर एक माणूस पुसायला चार मिनिटं लागतात. मूळ फोटो पुढे कधीतरी संगणकावर जागा करताना उडवले. दर सहा महिन्यांनी उडवते.

हरेशने मग फोन केला. काळूराम गेल्या भाद्रपदात वारला. ताप आला, सहाव्या दिवशी गेला. वैशाखऱ्याच्या वाडीत घर आहे. आता वर्षश्राद्ध, रविवार बघून ठेवलंय. घरात त्याचा एकही फोटो नाही. आधार कार्डाच्या पाकिटात माझं कार्ड सापडलं, त्यावरून हरेशने ब्लॉग शोधला होता.

“फोटो घेऊन याल का? वहिनीला सांगितलंय मी,” तो म्हणाला.

मी येते म्हटलं. फोटो नाही, हे म्हटलं नाही. फोनवर म्हणता येईना. या प्रवासाचं कारण एवढंच. फोटोच्या जागा शोधत इथे आलेल्यांसाठी वाटेतल्या जागा जमेल तशा लिहिते आहे.

शनिवारी सकाळी सहाला स्कूटरने निघाले. वसई, चिंचोटी, कामण, अंजूरफाटा, भिवंडी, मग नाशिक महामार्ग. शहापूरपर्यंत सत्तर किलोमीटर धरा. खड्ड्यांमुळे तीन तास लागले. कामणचा रस्ता या दिवसांत दुचाकीने करू नका. अंजूरफाट्यापासून गोदामं सुरू होतात ती संपतच नाहीत, आणि ट्रकवाल्यांना आरशात स्कूटर दिसत नाही. पडघ्याच्या पुढे मोकळं होतं. आसनगावच्या अलीकडे डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. सकाळी ऊन त्यांच्या अंगावर समोरून येतं, ढग सुळक्यांच्या खाली असतो. महामार्गाच्या कडेला थांबायला जागा आहे. मी थांबले. कॅमेरा बॅगेतच होता.

हरेश शहापुरात एका गोदामात माल चढवतो. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकला आहे. तिशीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझ्यासाठी सुट्टी टाकून तो फाट्यावर उभा होता. चहा नको म्हणाला. आधी विचारलं, “आणला का?”

मी म्हटलं, “मूळ फोटो राहिला नाही माझ्याकडे. गेला.”

त्याने ‘कसा’ असं विचारलं नाही. वस्तू जातात हे त्याला माहीत असावं. मग म्हणाला, “वाटलंच व्हतं. आधार कार्ड घेऊन ठेवलंय. चला, बॅनर तरी करू.”

बॅनर म्हणजे काय ते वाटेत त्याने सांगितलं. वैशाखऱ्याच्या नाक्यावर सगळ्यांचे बॅनर लागतात. वाढदिवसाचे, निवडीचे, मेलेल्यांचे. ‘प्रथम पुण्यस्मरण’ असं वर, मधे फोटो, खाली शोकाकुल परिवार. गावातल्या घरांचे दरवर्षी लागतात. त्यांच्या वाडीतल्या माणसाचा आजवर एकही लागला नव्हता. वाडी गावाच्या टोकाला, जमीन कुणाच्या नावावर नाही, दिवाळी झाली की घरं बंद करून माणसं कामाला बाहेर पडतात. काळूरामचा पहिला लागणार होता. वहिनीने तेवढंच मागितलं होतं.

स्टुडिओ बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, फ्लेक्स. मालक पन्नाशीचा, बोलका. त्याने आधार कार्ड उजेडात धरलं. पावसात भिजून सुकलेलं होतं. चेहऱ्याच्या जागी काळा डाग, त्यात कपाळ आणि नाक. हा चेहरा मला ओळखता आला नाही. कॅमेऱ्यातून मी तो पाठीमागून आणि बाजूनेच पाहिला होता; वडापाव देताना नीट बघितलं नव्हतं.

मालकाने चेहरा मोठा केला, उजळ केला, डोळे दुसऱ्या कुठल्यातरी फोटोतून आणून बसवले. हरेश बाजूला उभा राहून सांगत होता. भुवई जाड होती. गाल एवढे भरलेले नव्हते. तासाभराने पडद्यावर एक माणूस तयार झाला. हरेश म्हणाला, थोडा दिसतो.

“कोट काळा घालू का निळा?” मालकाने विचारलं.

“त्यानं जन्मात कोट घातला नाय.”

“इथे ज्यांचे फोटो येतात त्यातल्या कुणीच घातलेला नसतो. वर गेले की सगळे घालतात.”

हरेश हसला. काळा म्हणाला.

मागे काय लावायचं असा प्रश्न आला. मालकाकडे हिमालय होता, कमळांचं तळं होतं, ढगांतून येणारी किरणं होती. हरेशने नको म्हणून मान हलवली. “वसईचा किल्ला लावा. तो तिथं कामाला व्हता. घरी आल्यावर सारखा सांगायचा, माझा फोटो किल्ल्यावर काढलाय. वहिनीला तोच पाहिजे.”

मालकाने नेटवर वसईचा किल्ला शोधला. पहिल्या ओळीत माझा फोटो होता. तिसरी जागा.

“हा मस्त आहे,” तो म्हणाला. “मोकळा आहे. माणूस बसवायला जागा आहे.”

हरेशने सांगितलं की फोटो या मॅडमचाच आहे. मालकाने खुर्ची वळवून माझ्याकडे आदराने पाहिलं आणि वापरू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव होतं. ते राहू देतो, हक्काचं आहे, असं तो म्हणाला.

त्याने काळूरामला कोटासकट उचलून तटावर ठेवलं. तो फार मोठा झाला. बुरुजाएवढा. लहान करायला म्हणून मालकाने तट जवळ ओढला आणि थांबला. कडेच्या खाली दगडांवर लांब, तिरपी सावली होती. पिंपळाच्या सावलीत मिसळलेली. मोठी केल्यावर वेगळी झाली. खांदे, डोकं, आणि कमरेपाशी एका अंगाला बाहेर आलेला हुक. आकडी. रानात जाणारी माणसं कोयता अडकवायला कमरेला जो लाकडी हुक बांधतात, तो.

“इथला माणूस कुणीतरी काढलाय,” मालक म्हणाला. आवाजात कामाबद्दलचं कौतुक होतं. “सफाईने काढलाय. सावली तेवढी विसरला.”

हरेशने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. त्याला सांगायची गरज उरली नव्हती.

“पुसू का ही?” मालकाने विचारलं.

“नको,” हरेश म्हणाला. “ऱ्हाऊ दे.”

पाच बाय तीनचा फ्लेक्स संध्याकाळी पाचला मिळणार होता. जिना उतरताना हरेश माझ्या पुढे होता. खाली उतरल्यावर तो वळला नाही, तसाच म्हणाला, “उद्या वहिनीला तुमीच सांगा. मी नाय सांगनार.”

शहापुरात राहायचं झालं तर महामार्गाला लागून तीन-चार लॉज आहेत. मला नऊशे रुपयांत बरी खोली मिळाली. खिडकी रस्त्याकडची घेऊ नका. उसळ-पाव बाजारपेठेत चांगला मिळतो, तिखट असतो. मी अर्धा टाकला.

रविवारी सातला हरेश माझ्या मागे स्कूटरवर बसला. फ्लेक्सची गुंडाळी त्याच्या मांडीवर आडवी होती. खड्डा आला की तिचं टोक माझ्या दंडाला लागायचं. सापगावचा पूल उतरला की भातसा नदी खाली राहते आणि रस्ता मुरबाडकडे वळतो. पुलावरून नदीचा फोटो चांगला येतो, धुकं असेल तर जास्त चांगला. दोन्ही बाजूंना भात उभं होतं, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. मुरबाडपर्यंत हरेश एकदाच बोलला. पुढे गतिरोधक आहे, एवढंच.

मुरबाडला पेट्रोल भरलं. त्याने एस. टी. स्टँडसमोर हार घेतला, झेंडूचा, आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. तिथून सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. माळशेजला जाणाऱ्या गाड्या मागून हॉर्न देत येतात. आपण बाजूला व्हायचं. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाचा डोंगर समोर येतो. नानाचा अंगठा, त्याचा उभा कडा, रस्त्यावरूनच दिसतो. त्याचा फोटो दुपारनंतर काढा, सकाळी तो नुसता काळा असतो. बंदरांवर उतरलेला माल जुन्या काळी याच घाटाने बैलांच्या पाठीवर वर जायचा. वाटेचं एक टोक आमच्याकडे, सोपारा-वसईला, आणि दुसरं इथे वर. हे मी आधीच्या लेखांत मोठ्या उत्साहाने लिहिलेलं आहे. त्या वाटेने माणसं अजून खाली येतात, हे लिहिलं नव्हतं.

नाक्यावर बांबूंचा मांडव होता आणि त्यावर बॅनर. दोन वाढदिवस, एक पुण्यस्मरण. एक बैलाचाही वाढदिवस होता, शर्यतीच्या बैलाचा, शिंगांना रिबिनी. त्याच्या शेजारी जागा होती. हरेशने सुतळीने फ्लेक्स बांधला, मी खालचं टोक ताणून धरलं. काळा कोट, टाय, दुसऱ्याचे डोळे. मागे वसईचा तट. ऊन सावलीला एका बाजूने आणि कोटाला दुसऱ्या बाजूने लागत होतं. टपरीवरचा एकजण चहाचा ग्लास घेऊन बघायला आला. “आरं, हा काळ्या काय? साहेब झाला की रे.” मग त्याने ग्लास खाली ठेवला आणि सुतळीची गाठ ओढून घट्ट केली.

वाडी रस्त्यापासून दहा मिनिटं आत. स्कूटर ओढ्याअलीकडे ठेवावी लागते. वीस-बावीस झोपड्या, कारवीच्या कुडाच्या. बऱ्याच छपरांवर जुने फ्लेक्स टाकलेले. छापलेली बाजू आत आणि पांढरी बाजू वर. ऊन कमी लागतं, असं हरेशने सांगितलं. काळूरामच्या घरात वाकून शिरले तर वर हात जोडलेला एक पुढारी होता, अर्धा, नाकापर्यंत. त्याच्या पलीकडे कौलं होती, त्यातून पाणी गळून चुलीपाशी ओल आली होती.

काळूरामची बायको पारू. हरेशच्याच वयाची असेल. चुलीशी बसली होती, बाजूला वाडीतल्या तीन-चार बायका. तिने मला पाट दिला. ती मला ‘तू’ म्हणत होती. इकडे तसंच म्हणतात, आणि ते बरं वाटतं.

“तीच का तू?” ती म्हणाली. “घरी आला की तेच. एका बाईनं माझा फोटो काढला, एका बाईनं माझा फोटो काढला. मी म्हनायची, तुझं थोबाड घेऊन ती बाई काय करनार?”

बायका हसल्या. ती पण हसली. वसईहून येताना तो सुके बोंबील आणायचा, असं तिने सांगितलं. त्या खेपेला बोंबील कमी आणि किल्लाच जास्त आणला.

हरेश दारात उभा होता. आत आला नाही.

मी सांगितलं. फोटो काढला होता. त्यात तो होता. नंतर मी त्याला त्यातून काढून टाकलं. तिला ते नीट कळलं नाही. मी म्हटलं, पाटीवरचं पुसतात तसं. मग कळलं.

“मधी येत व्हता काय?”

“नाही. मीच त्याला तिथे बसवलं होतं.”

“मंग?”

मी म्हटलं, रिकामा बरा दिसत होता. तिथे म्हटल्यावर ते वाक्य मलाच ऐकू आलं. वर्षानुवर्षं मी हेच करते आहे. देवळापुढची फुलवाली, घाटावरची कपडे धुणारी, पुलावरचा गुराखी. तुम्ही इथे जे रिकामे फोटो पाहिलेत त्यातले थोडेच रिकामे होते.

पारूने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. “बसून ऱ्हायला म्हनून मुकादम बोलला व्हता त्याला,” ती म्हणाली. “चार मानसांत. ते पन हसत सांगायचा.”

मी फोन काढून तिला सावली दाखवली, बोटांनी मोठी करून. तिने फोन हातात घेतला, दाराच्या उजेडाकडे वळवला. बायका वाकल्या. पारूने काचेवर बोट ठेवलं, तर चित्र सरकलं. तिने बोट काढलं.

“आकडी त्याचीच,” ती म्हणाली. “समदे पाठीवर मधी बांधतात. हा डाव्या अंगाला बांधायचा. किती सांगितलं, पडशील एक दिवस.”

कोटातल्या माणसापेक्षा तिने या सावलीकडे जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, निदान एवढं तरी आहे. मी म्हटलं, हाच मोठा करून, काचेत बसवून पाठवते. घरात लावता येईल.

तिने फोन परत माझ्या हातात दिला. रागावली नव्हती.

“सावलीला हार कुठं घालायचा गो?” ती म्हणाली.

नंतर जेवण झालं. भात, वालाचं बिरडं, सुका बोंबील. आधी त्याचं पान वेगळं काढून ओढ्याच्या वाटेवर ठेवलं, कावळा यायला वेळ लागला. दुसरं पान तिने मला वाढलं. मी जेवले. नको म्हणणं शक्य नव्हतं. निघताना झेंडूचा हार घेऊन सगळे नाक्यावर आले. हरेश बांबूवर चढला. हार लहान पडला, बॅनरभर पुरेना. त्याने तो वरच्या कोपऱ्यात खिळ्याला अडकवला. पारू खाली उभी राहून बघत होती. रस्त्यावर माळशेजहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीतून कुणीतरी फोन बाहेर काढून फोटो घेतला. बैलाचा असेल.

परत येताना मी एकटी होते. मुरबाड, टिटवाळा, कल्याण, भिवंडी असा रस्ता घेतला. रविवारी संध्याकाळी तो घेऊ नका. कल्याणमध्येच दीड तास गेला.

घरी आल्यावर, उडवलेले फोटो परत निघतात का बघायला, जुन्या डिस्क एका दुकानात दिल्या. त्यांच्या जागी इतक्या वेळा दुसरं साठवलं गेलं होतं की काही निघालं नाही. सात जागांचा लेख मी काढलेला नाही. तिसऱ्या फोटोखाली आता लिहिलं आहे की इथे काळूराम वाघे बसले होते, मी बसवलं होतं, आणि मीच त्यांना पुसलं. त्या ओळीनंतर वाचणारे कमी झालेले नाहीत. एकाने विचारलं, माणूस इतका सफाईने कशाने पुसला?

दसऱ्यानंतर हरेशचा संदेश आला. बॅनर नाक्यावर आठवडाभर टिकला. मग त्या बांबूंवर दुसऱ्या कुणाचा वाढदिवस आला. काढलेला फ्लेक्स त्याने वाडीत नेला. चुलीच्या वर कौलातून गळत होतं, तिथे टाकला. पाणी थांबलं. ‘छापलेली बाजू आत ठेवलीय मॅडम. वहिनीनं तशीच ठेवायला सांगितली.’

सोबत फोटो होता, जमिनीवरून वर बघत काढलेला, थोडा हललेला. एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत काळा कोट. चेहऱ्यावर धूर बसू लागला आहे, दुसऱ्याचे डोळे आता तितके दुसऱ्याचे वाटत नाहीत. खाली तट आणि तटावरची सावली. उजव्या कोपऱ्यात, बरोबर चुलीच्या वर, माझं नाव. मालक राहू देतो म्हणाला तेव्हा ते पुसायला सांगता आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं.